शिंदे आडनावाची नामवंत माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळे शिंदे मुळात एकाच घराण्यातले का?

नाही. पुढचे निम्मे घोळ या एका समजुतीतून निघतात, म्हणून आधी हेच.

शिंदे हे आडनाव मराठा, धनगर, दलित अशा अनेक समाजांत आहे. एकाच तालुक्यात दोन गावच्या शिंद्यांचे कुलदैवत वेगळे, देवक (लग्नात पुजले जाणारे कुळाचे चिन्ह) वेगळे आणि जातही वेगळी असू शकते. नामवंतांची गावे बघितली तरी हे दिसते. महादजींचे घराणे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. अहिल्याबाई होळकरांचे माहेर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या शिंद्यांचे. विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे, ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, गायक प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे, सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे. यांना एका वंशवृक्षात बसवायला गेले की काही तरी खोटे लिहावे लागते.

त्यामुळे कोणी ‘आम्ही शिंदे’ म्हणाले तर पुढचा प्रश्न एकच : कुठले? गावाशिवाय हे आडनाव अर्धेच.

आडनाव आले कुठून?

कर्नाटकात अकराव्या-बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेले सिंद घराणे होते. येलबुर्ग्याचे सिंद त्यातलेच. ‘शिंदे’ हे नाव त्या सिंदांवरून आले, असा तर्क मांडला जातो. सिंद स्वतःला नागवंशी म्हणवीत आणि ग्वाल्हेर संस्थानाच्या राजचिन्हावरही नाग आहेत, हा त्याला जोडून दिला जाणारा पुरावा. ध्वनिसाम्य आणि नाग एवढ्यावर सहाशे वर्षांची मधली वंशावळ उभी राहत नाही. तर्क म्हणून सांगावा, वंशावळीत लिहू नये.

शिंदे, सिंदे, सिंधिया, सिंदिया : यातले बरोबर कुठले?

मराठीत शिंदे. जुन्या मराठी पत्रांत ‘सिंदे’ असेही सर्रास येते. त्या काळी श आणि स यांची अदलाबदल नेहमीची होती, ते वेगळे घराणे नव्हे. उत्तरेत हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘सिंधिया’ झाले आणि इंग्रजांनी तेच आपल्या लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले. ग्वाल्हेरच्या राजघराण्याने पुढे ते रूप स्वतःच स्वीकारले. म्हणून महादजी ‘शिंदे’ आणि ज्योतिरादित्य ‘सिंधिया’ छापले जाते, घराणे एकच.

मराठी मजकुरात अठराव्या शतकातल्या माणसाला ‘महादजी सिंधिया’ लिहिणे खटकते. हयात व्यक्तीचे नाव मात्र ती स्वतः जसे लावते तसे लिहावे.

संगणकावर शोधताना निम्मी माणसे सापडतच नाहीत. असे का?

तीन कारणे. पहिले, विभक्तिप्रत्यय. जुन्या पुस्तकांत ‘शिंद्यांनी’, ‘शिंद्यांचा’ असते, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘शिंदेंनी’, बातमीत ‘शिंदे यांनी’. ‘शिंदे’ शोधले तर ‘शिंद्यांनी’ सापडत नाही, कारण तिथे द ला य जोडला गेलेला असतो. म्हणून ‘शिंदे’ आणि ‘शिंद्य’ असे दोन वेगळे शोध घ्यावेत. दुसरे, ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’. वाचताना फरक नाही, पण संगणकाला अनुस्वार वेगळा आणि पाय मोडलेला न वेगळा. तिसरे, बिरुदे. महादजींचा उल्लेख पत्रांत कितीतरी ठिकाणी नुसता ‘पाटीलबावा’ असा येतो. त्यांची दरबारी पदवी काहीही असो, ते स्वतःला पाटील म्हणवून घेत. तेव्हा सूचीत श बघून झाल्यावर प सुद्धा बघावा.

कण्हेरखेडच्या शिंद्यांत कोण कोणाचा कोण? नावे सारखी सारखी येतात.

येतात खरी. हा क्रम पाठ असला की पानिपतावरचे कुठलेही पुस्तक सोपे जाते.

राणोजी शिंदे हे उत्तरेतल्या सत्तेचे मूळ पुरुष. ते १७४५ मध्ये वारले. त्यांना पाच मुलगे : जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी, महादजी. घरात लढाई किंवा दगा याबाहेर मेलेला माणूस शोधावा लागतो. जयाप्पांचा १७५५ मध्ये नागोरला दग्याने खून झाला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. तुकोजी आणि जनकोजी पानिपतात गेले, १४ जानेवारी १७६१. हे जनकोजी दत्ताजींचे भाऊ नव्हेत. जयाप्पांचे मुलगे, म्हणजे पुतणे. शाळकरी निबंधांपासून व्याख्यानांपर्यंत इथे हमखास चूक होते.

महादजी पानिपतातून पायाला मोठी जखम घेऊन सुटले आणि जन्मभर लंगडत राहिले. त्यांना वाचवणारा राणेखान हा पखालीने पाणी वाहणारा भिस्ती होता. त्याने आपल्या बैलावर घालून त्यांना बाहेर काढले आणि महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले. पानिपतानंतर सरदारकीच्या वारशाचा तंटा काही वर्षे चालला. तो निपटून महादजींचा जम बसला आणि मग पुढचा पल्ला : १७७१ मध्ये दिल्ली हाती, १७७२ च्या आरंभी शाहआलम परत तख्तावर, १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची शरणागती, १७८२ मध्ये सालबाईचा तह. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी ते पुण्याजवळ वानवडीला वारले.

महादजींनंतर दौलतराव. हे त्यांचे पोटचे पुत्र नव्हेत, भाऊ तुकोजींचे नातू. १८०३ मध्ये असईला पराभव आणि सुर्जी-अंजनगावचा तह यांच्याच काळातला. १८१० मध्ये त्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. त्या छावणीचेच शहर झाले, म्हणून ग्वाल्हेरच्या त्या भागाचे नाव ‘लष्कर’.

पुढचे दोन राजे दत्तक : १८२७ मध्ये जनकोजीराव, १८४३ मध्ये जयाजीराव. त्यानंतर माधवराव (१८८६ ते १९२५), जिवाजीराव (१९६१ पर्यंत) आणि मग केंद्रीय मंत्री झालेले दुसरे माधवराव (१९४५–२००१).

म्हणजे जनकोजी दोन, माधवराव दोन आणि जयाप्पा व जयाजीराव ऐकायला जवळची. नावापुढे साल लिहिल्याशिवाय यातले एकही नाव वापरू नये.

‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे नक्की कोणाचे?

दत्ताजींचे. बुराडी घाटावर घायाळ पडले असताना नजीबखानाचा गुरू कुत्बशहा याने ‘पटेल, और लडोगे?’ असे विचारल्यावर त्यांनी दिलेले हे उत्तर परंपरेने सांगितले जाते. महादजींच्या किंवा जनकोजींच्या तोंडी ते घालतात, ते चूक. प्रसंगही पानिपतचा नव्हे, त्याच्या एक वर्ष चार दिवस आधीचा.

‘शिंद्यांची छत्री’ बघायला कुठे जायचे?

छत्री म्हणजे समाधीवरची वास्तू. ती पुण्यात वानवडीला. महादजींनी तिथे शंकराचे देऊळ बांधायला घेतले होते आणि त्यांचे दहनही तिथेच झाले. राजस्थानी वळणाच्या इमारतीत रंगीत काचा आणि युरोपीय धाटणी दिसते, ती नंतरच्या काळातली भर आहे. अठराव्या शतकातले बांधकाम म्हणून त्या काचांचे वर्णन करू नये.

ग्वाल्हेरलाही या घराण्याच्या छत्र्या आहेत आणि शिवपुरीलाही. शिवपुरीची जोडी माधवराव (पहिले) आणि त्यांच्या आई सख्याराजे यांची. छायाचित्राखाली नुसते ‘शिंद्यांची छत्री’ लिहिले की तिन्हींची सरमिसळ होते, तेव्हा गाव लिहावेच.

अहिल्याबाई होळकर माहेरच्या शिंदे होत्या, हे खरे का?

खरे. ३१ मे १७२५ रोजी चौंडीला जन्म, वडील माणकोजी शिंदे, गावचे पाटील. समाज धनगर. कण्हेरखेडचे शिंदे मराठा. माळव्यातल्या राजकारणात शिंदे आणि होळकर ही दोन नावे एकमेकांसमोर उभी असतात. त्यातल्या होळकरांच्या गादीवर सर्वांत गाजलेली व्यक्ती जन्माने शिंदे होती. एवढ्यावरून ‘शिंद्यांची लेक होळकरांकडे दिली, म्हणून सोयरीक’ असे लिहिलेले आढळते. ती सोयरीक चौंडीशी झाली, कण्हेरखेडशी नव्हे.

विधान परिषदेचे सभापती राम शिंदे हेही चौंडीचेच.

उलट कण्हेरखेडच्या शिंद्यांची खरी सोयरीक साताऱ्याच्या गादीशी होती. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असताना त्यांचे जे विवाह झाले त्यात एक मुलगी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. राणोजींच्या आधी या घराण्याला काही वजन नव्हते, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.

ताराबाई शिंदे एकच की दोन?

दोन, आणि दोघी एकाच शतकातल्या.

एक ग्वाल्हेरच्या राणी : जनकोजीरावांच्या विधवा. १८४३ मध्ये पती वारले तेव्हा अगदी लहान वयाच्या. जयाजीरावांना दत्तक घेतले ते यांनीच. दरबारातल्या तंट्यातून इंग्रजांनी फौज आणली आणि २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया झाल्या.

दुसऱ्या बुलढाण्याच्या, ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर गर्भ मारल्याचा खटला झाला. त्यावर वर्तमानपत्रांनी सरसकट बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. त्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले. पाहिजे तर प्रास्ताविक सोडून थेट मूळ मजकूर वाचावा. भाषा अशी की वाचणाऱ्याने अंग चोरून बसावे.

कोल्हापूरच्या महाराणी ताराबाई या तिसऱ्या, पण त्या भोसले. त्यांना या यादीत आणू नये.

बायकांची नावे यादीत कशी घ्यायची? माहेरचे आडनाव की सासरचे?

दोन्ही, पण कुठले कुठले ते सांगून. पाच उदाहरणे पुरतील. ताराबाई (बुलढाणा) यांनी माहेरचे शिंदे हेच नाव लेखिका म्हणून लावले. अहिल्याबाई जन्माने शिंदे, ओळख होळकर. बायजाबाई शिंदे जन्माने कागलच्या घाटगे. दौलतरावांच्या पत्नी आणि त्यांच्यामागे १८२७ पासून काही वर्षे ग्वाल्हेरचा कारभार चालवणाऱ्या. विजयाराजे शिंदे जन्माने ठाकूर, त्यांच्या आई नेपाळी राणा घराण्यातल्या. वसुंधराराजे जन्माने शिंदे, पण जाहीर आयुष्यात आडनाव लावत नाहीत, त्यामुळे आडनावावरून केलेल्या यादीतून त्या हमखास गळतात.

यादीत ‘जन्माने’ आणि ‘विवाहाने’ असे दोन रकाने ठेवले की वाद मिटतो.

विठ्ठल रामजी शिंदे ‘महर्षी’ की ‘कर्मवीर’?

दोन्ही बिरुदे लावली जातात, आणि गोंधळ त्याचाच आहे. नुसते ‘महर्षी’ म्हटले की लोकांना धोंडो केशव कर्वे आठवतात, ‘कर्मवीर’ म्हटले की भाऊराव पाटील. पूर्ण नाव लिहिणे हाच उपाय.

जन्म २३ एप्रिल १८७३, जमखंडी (आता कर्नाटकात). १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास. परत आल्यावर प्रार्थना समाजाचे काम आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण. बहीण जनाबाई या कामात पहिल्यापासून होत्या. त्यांचे नाव याद्यांत क्वचितच दिसते आणि हे अन्यायाचे आहे. पुण्यातला अहल्याश्रम याच मिशनचा. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ १९३३ चा. मृत्यू २ जानेवारी १९४४.

ते स्वतः मराठा. कार्यावरून जात ओळखण्याच्या सवयीमुळे त्यांना दलित नेते म्हणून नोंदवलेले दिसते. दुरुस्त करावे.

महाराष्ट्राचे शिंदे आडनावाचे मुख्यमंत्री किती?

दोन. सुशीलकुमार शिंदे (जानेवारी २००३ ते २००४ ची विधानसभा निवडणूक) आणि एकनाथ शिंदे (३० जून २०२२ ते डिसेंबर २०२४, मग उपमुख्यमंत्री). आडनावाव्यतिरिक्त दोघांत नाते नाही. सुशीलकुमार सोलापूरचे, राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री; आधी न्यायालयात नोकरी, मग पोलीस उपनिरीक्षक, पुढे केंद्रात ऊर्जा आणि गृह खाते. एकनाथ यांचे राजकारण ठाण्याचे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातले दरे. कण्हेरखेडही साताऱ्याकडचेच, म्हणून लगेच महादजींशी धागा जोडणारे संदेश फिरत असतात. जिल्हा एक असणे हा वंशाचा पुरावा नव्हे.

‘शिंदेशाही’ म्हणजे काय?

संदर्भावर आहे. पगडीपुढे आले तर शिंदे सरदारांच्या वळणाची पगडी. तोड्यांपुढे आले तर दागिना. आणि गाण्याच्या कार्यक्रमाच्या फलकावर असेल तर प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४), मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श आणि उत्कर्ष ही गायकांची घराणेशाही. भीमगीत, भक्तिगीत, कव्वाली, लोकगीत असा पल्ला. प्रल्हाद शिंद्यांचा खडा, वरच्या पट्टीतला आवाज जत्रेच्या भोंग्यावरही फाटत नसे. आपल्याकडे ‘घराणे’ हा शब्द ख्यालगायकीसाठी राखून ठेवायची सवय आहे. तीन पिढ्या गात असतील तर हेही घराणेच म्हणायला हवे.

राजकारण आणि इतिहासाबाहेर कोण?

क्रिकेटमध्ये सदू शिंदे (१९२३–१९५५). लेगस्पिन आणि गुगली, ७ कसोटी, १२ बळी. त्यातले सहा एकाच डावातले : १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध ९१ धावांत ६. बत्तीस वर्षे पुरी व्हायच्या आत विषमज्वराने गेले. शरद पवार यांच्या पत्नी प्रतिभा या त्यांच्या कन्या.

साहित्यात फ. मुं. शिंदे, २०१४ च्या सासवड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पुरातत्त्वात वसंत शिंदे, डेक्कन कॉलेजचे माजी कुलगुरू; राखीगढीच्या उत्खननातल्या सांगाड्याच्या डीएनएवरचा २०१९ चा निबंध त्यांच्या नेतृत्वाखालचा. अभिनयात सयाजी शिंदे, जे आता वृक्षलागवडीसाठीही तितकेच ओळखले जातात.

दोन शिंद्यांचे लग्न होऊ शकते का?

आडनाव एक म्हणून अडत नाही, देवक एक असेल तर परंपरेने अडते. म्हणून बैठकीत जुनी माणसे आधी देवक विचारतात, मग कुलदैवत, मग गाव. शहरातल्या मुलामुलींना देवक ठाऊक नसते. ते घरातल्या थोरल्या चुलत्याकडे किंवा लग्नात देवक बसवणाऱ्या गुरवाकडे कळते.

आमचे शिंदे कुठल्या घराण्यातले, हे कसे शोधायचे?

उलट्या दिशेने. महादजींपासून खाली यायचे नाही, आपल्यापासून वर जायचे.

१. आजोबा, पणजोबा यांची पूर्ण नावे आणि गाव लिहून काढा. ‘बाबूराव’ चालणार नाही, वडिलांच्या नावासकट हवे. हाक मारायचे नाव आणि कागदावरचे नाव वेगळे असू शकते.

२. आजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा घ्या.

३. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची कोतवाल बुके आणि जमीन असेल तर जुने फेरफार मागा. वारसाच्या फेरफारात एका फटक्यात दोन-तीन पिढ्या मिळतात. अर्जात गावाचे आजचे आणि जुने असे दोन्ही तालुके लिहा. तालुके फुटले की दप्तर जुन्याच जागी राहिलेले असते.

४. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. तिथे गावावरून पान काढतात, आडनावावरून नव्हे. गाव सांगता आले नाही तर हेलपाटा फुकट.

५. त्याच्या मागे जायचे तर पुण्याचे पुराभिलेखागार. तिथले पेशवे दप्तर मोडी लिपीत आहे.

मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि अनुस्वार बहुतेक गाळतात. त्यामुळे ‘शिंदे’ हे ‘सीदे’ असे दिसते आणि शब्द सुटे नसल्याने मागच्या नावाला चिकटलेले असते. नवा वाचक ते ‘सीधे’ वाचून पुढे निघून जातो. मोडी जाणणाऱ्याला कागद देताना घराण्यातली अपेक्षित नावे आधी सांगू नयेत. सांगितली की तीच दिसू लागतात. आधी कोरे वाचन करून घ्यावे, मग ताडून पाहावे.

सिंदिया जहाज कंपनी ग्वाल्हेरकरांची होती का?

नाही. ती वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे उद्योजकांची. त्यांनी ‘लॉयल्टी’ हे जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतले, त्यावरून कंपनीचे नाव पडले. ते ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि ५ एप्रिल हाच पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला.